राखणीच्या कोंबड्या

केसरकाकूंच्या अंगणात शिरायचं तर आधी पाय बुडवावे लागत. फाटकाशी जमिनीत निम्मं पुरलेलं एक घमेलं होतं आणि त्यात चुन्याचं पाणी. धारूरच्या डोंगरपट्ट्यातल्या त्या गावात मी शाळेवर शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझी भाड्याची खोली काकूंच्या भिंतीला भिंत लावून. शेजारीण आहे, ओळख करून घ्यावी म्हणून नवी चप्पल घालून, हातात पेढ्यांचा पुडा घेऊन मी फाटक ढकललं, तर आतून आवाज आला, "थांब! तितंच थांब! कोन हाय?"

"शाळेतल्या नव्या बाई."

"बाई आसा न्हाईतर कलेक्टर आसा. पाय बुडवा आधी. कुठं कुठं तुडवून आलाव, कुनाला ठावं!"

नवी चप्पल चुन्यात बुडवून मी आत गेले. काकूंनी पेढा घेऊन कपाळाला लावला, मग शेजारधर्माच्या चार गोष्टी सांगितल्या. भिंतीवर ओले कपडे टाकायचे नाहीत. खरकटं टाकायचं तर त्यांना विचारून. आणि बाजारातून मी कोंबडी आणली, तर तिची पिसं आणि आतडी त्यांच्या अंगणाच्या बाजूला पडता कामा नयेत. चप्पल पुढे आठवडाभर पांढरीच होती.

मला कोंबड्या आवडत नाहीत, हे आधीच सांगून टाकते. त्यांची ती वाकडी मान करून बघायची नजर मला सहन होत नाही. ताटात आवडतात, पण काकूंच्या शेजारी राहायला आल्यापासून तेही चोरून करावं लागे. तरी इतक्या वर्षांच्या नोकरीत जी माणसं मनात घर करून बसली, त्यांत ही कोंबड्यांची बाई सगळ्यात पुढे आहे. उंच, हाडकुळी, आवाज फाटका, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायची सवय.

त्या गावातली निम्मी घरं दिवाळीच्या सुमाराला कोयत्यावर जातात. नवरा-बायको ऊसतोडीला, म्हातारी माणसं मागे. शेळ्या पाव्हण्यांकडे पाठवतात, बैल असले तर बरोबर नेतात. राहता राहिल्या कोंबड्या. त्या केसरकाकूंकडे राखणीला. काकूही पूर्वी कोयत्यावर जायच्या, पण गर्भपिशवीचं ऑपरेशन झाल्यावर डोक्यावर मोळी घेणं बंद झालं, काका तर त्याच्याही आधी गेले. तेव्हापासून हे काम. अंडी काकूंची, पिल्लं निघाली तर निम्मी मालकिणीची. कोणती कोंबडी कुणाची हे कळावं म्हणून प्रत्येक बाई आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून कोंबडीच्या पायाला बांधायची. हिरवी चिंधी सुमनची, जांभळी अमकीची. पुरुषांना त्यात जागा नव्हती. घर, शेत, बैल सगळं त्यांच्या नावावर, कोंबडी तेवढी बाईची.

"मपली मेली तर जीव हळहळंल," काकू म्हणायच्या, "दुसरीची मेली तर नाव जाईल."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एकदा अंबाजोगाईहून त्यांचे लेक-जावई आले. जावयाने वाटेत बाजारातून मोठा थोरला कोंबडा घेतला होता, मोटरसायकलच्या हँडलला उलटा टांगलेला. सासू खात नसली तरी तिने रांधून घालावा, एवढीच त्याची अपेक्षा. काकू फाटकात आडव्या उभ्या राहिल्या.

"जावाईबापू, तुमी या. त्यो न्हाई."

जावई हसला. त्याला वाटलं, सासूबाई थट्टा करतायत.

"हसू नगा. कोन्या कळपातला, कुठल्या पाटीत कुनासंगं बसून आलाय, तुमाला ठावं हाय का? माज्याकडं गावाच्या कोंबड्या हायेत."

मी भिंतीवरून बघत होते. लेक रडकुंडीला आली, जावयाचा चेहरा उतरला. शेवटी त्याने गाडी वळवली आणि कोंबड्यासकट, बायकोसकट परत गेला. काकूंनी त्या दिवशी पिठलं केलं आणि एकटीने खाल्लं. पुढे वर्षभर जावई आला नाही. मी एकदा म्हटलं, "काकू, जरा जास्तच झालं."

"राग हाय, निवंल," त्या म्हणाल्या. "कळप गेला तर काय निवंल?"

हा धसका कुठून आला, ते मला सोपानआबांनी सांगितलं. आबा म्हणजे सुमनचे सासरे, वयामुळे कोयत्यावर न जाणारे, दिवसभर पारावर बसून गावाची काळजी करणारे. मी गावात येण्याआधीची गोष्ट. एका हिवाळ्यात राखणीतली एक कोंबडी लंगडायला लागली. काकूंना वाटलं, शेळीचा पाय पडला असेल. त्यांनी तिला कळपातच राहू दिलं. मग तिची मान पिळल्यासारखी वळली, पंख लोंबले, हिरवट पांढरी घाण पडू लागली. मानमोडी. बघता बघता खुराडं रिकामं झालं. उन्हाळ्यात बायका परतल्या तेव्हा काकूंकडे द्यायला काही नव्हतं. कुणी तोंडावर काही बोललं नाही. सुमन तेवढी बोलली. तेव्हा ती नवी सून, माहेरहून हौसेने आणलेल्या तिच्या कोंबड्या. फाटकातून बाहेर पडताना ती बरोबरच्या बाईला म्हणाली, पण काकूंच्या कानावर जाईल अशी, "रोग कशाचा आलाय? खाल्ल्या आसतील."

त्या दिवसापासून काकूंनी कोंबडी खाल्ली नाही. अंडं नाही. हक्काची अंडी सगळी बाजारात जायची. पुढच्या वर्षी बायकांनी पुन्हा कोंबड्या आणून सोडल्या, सुमननेही सोडल्या, कारण दुसरं कुणी सांभाळणारंच नव्हतं. पण अडलं म्हणून ठेवलेला विश्वास वेगळा असतो, आणि काकूंना तो फरक चांगला कळत होता.

तर ही पार्श्वभूमी. आता त्या हिवाळ्याकडे येते.

दिवाळीआधी जनावरांच्या दवाखान्याचे डॉक्टर गावात आले होते. तरुण, तापट, गाडीवरून उतरायच्या आधीच बोलायला लागणारे. काकूंचं आणि त्यांचं दर भेटीत भांडण व्हायचं आणि दर वेळी काकू त्यांना चहा पाजायच्या. त्यांनी पायातल्या चिंध्या बघितल्या आणि ते चिडले. "हे कापड सगळी घाण धरून ठेवतं. विष्ठा, चिखल, सगळं. एका कोंबडीचा रोग दुसरीला द्यायची ही सोय आहे. काढा ते. धुता येईल असं काहीतरी बांधा."

काकूंनी ते मनावर घेतलं. एरवी डॉक्टरांचं बोलणं त्या एका कानाने ऐकायच्या, पण रोगाचा शब्द आला की दोन्ही कान उघडे. रंगीत नायलॉनच्या दोऱ्या आणल्या, त्यांचे धागे सोडवले, चुन्याच्या पाण्यात उकळले. कोयत्यावर निघालेल्या बायकांनी आपापला रंग निवडला आणि काकूंनी स्वतःच्या हाताने प्रत्येक कोंबडीच्या पायाला धागा बांधला. घट्ट, पक्का, सुटून हरवायला नको असा. चिंध्या चुलीत घातल्या. मला हे सगळं फार शहाणपणाचं वाटलं. डॉक्टरांनाही वाटलं असणार.

संक्रांतीनंतर ओढ्यापलीकडच्या गावात कोंबड्या मरायला लागल्या.

आधी नुसती कुजबुज. मग कळलं, साहेब लोक येऊन मेलेल्या कोंबड्यांचे नमुने घेऊन गेलेत. कुणी म्हणालं मानमोडी, कुणी म्हणालं बर्ड फ्लू. बर्ड फ्लू हा शब्द गावात शिरला आणि सगळ्यांचे चेहरे बदलले. तो निघाला तर आसपासच्या सगळ्या कोंबड्या, धडधाकट असल्या तरी, पोत्यात भरून खड्ड्यात पुरतात, हे सगळ्यांनी मोबाइलवर पाहिलेलं. शाळेत मी पोरांना सांगितलं, मेलेल्या पक्ष्याला हात लावायचा नाही, पिसं गोळा करायची नाहीत. पलीकडच्या गावातले लोक रोगाच्या भीतीने उरलेल्या कोंबड्या मिळेल त्या भावाने आठवडी बाजारात नेऊन विकत होते. मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकत होते. काकूंनी त्या दिवसापासून कळप बाहेर सोडणं बंद केलं. ओढ्याचं पाणी बंद, हापशाचं सुरू. अंडी विकायला बाजारात जाणंही बंद. अंगणात जायचं तर वेगळं लुगडं, वेगळी चप्पल. स्वतःच्याच घरात त्या दिवसातून कितीदा लुगडं बदलत होत्या, देव जाणे.

आणि अशा दिवसांत एका सकाळी त्यांनी मला भिंतीवरून हाक मारली. हाक नेहमीसारखी नव्हती. आवाज अगदी खाली.

"बाई, जरा बघा. तिकडूनच बघा, आत येऊ नगा."

खुराड्यापासून लांब, लिंबाच्या झाडाखाली डालगं पालथं घातलेलं होतं. काकूंनी ते जरा उचललं. आत एक कबरी तलंग, अजून अंड्यावर न आलेली. ती उभी राहायला गेली, उजवा पाय आखडून वर घेतला आणि तशीच बाजूला कलंडली.

"कुणाची आहे?"

"सुमनची," काकू म्हणाल्या.

त्यांनी डालगं खाली टेकवलं आणि त्या तिथेच मातीत बसल्या. त्या साली पहिली लंगडीच होती, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काकूंनी जे केलं, ते मी भिंतीआडून बघत होते. आधी सगळ्या धडधाकट कोंबड्यांचं दाणापाणी, मग हात-पाय धुऊन, तोंडाला फडकं बांधून लंगडीकडे. तिचं पाण्याचं भांडं वेगळं. खाली भुशाची मऊ गादी. लंगडी दाणे टिपायची. डोळा स्वच्छ होता, मान सरळ होती, घाण हिरवी नव्हती. पण पाय टेकत नव्हती. काकू लांब बसून तिच्या मानेकडे बघत राहायच्या. ती मान वळते की काय, एवढंच. पिसं साफ करायला कोंबडीने मान मागे नेली, तरी काकू अर्ध्या उठायच्या.

"डॉक्टरांना फोन करते," मी म्हटलं.

"थांबा."

"काकू, शाळेतली पोरं इथूनच जातात-येतात. खरंच काही असलं तर?"

"मला कळत न्हाई व्हय? थांबा म्हनलं ना!"

दुपारी सोपानआबा आले. त्यांनी फाटकाबाहेरूनच लंगडीला पाहिलं आणि काठी आपटली.

"केसर, मार तिला. आत्ताच्या आत्ता. वड्याच्या कडंला खोल खड्डा घे आन् पूर. कुनी बघितलं न्हाई."

"सुमनची हाय."

"मपल्या घरची हाय! मीच सांगायलोय की. सुनंला मी समजावतो."

"आबा, कोंबडी तुमच्या घरची न्हाई, सुमनची हाय. तिनं माज्या हातात दिली, तुमी न्हाई."

"आगं पन येडी का खुळी तू?" आबांचा आवाज कापत होता. त्यांना राग आला नव्हता, भीती वाटत होती. "तिकडं नमुने गेलेत. उद्या त्यो डॉक्टर आला, त्यानं लंगडी बघितली, की दहा मानसं येतील पोती घिऊन. समद्या गावाच्या कोंबड्या खड्ड्यात! पोरी तिकडं ऊस तोडायल्यात, हितं त्यांच्या कोंबड्या तू पुरून टाकनार? मंग काय तोंड दावनार?"

काकूंनी डालग्याकडे बघितलं. मला वाटलं, आता त्या आबांचं ऐकणार. खरं सांगते, क्षणभर मलाही वाटलं की ऐकावं. एक कोंबडी, एक खड्डा, विषय संपला.

"मारली तर सुमन म्हनंल, खाल्ली," काकू म्हणाल्या. "ठिवली आन् रोग आसला तर समद्या मरतील, आन् पोरंबाळं बी आजारी पडतील. लपवून मेल्या तर त्या मपल्याच हातानं मेल्या, आबा." मग माझ्याकडे वळून, "लावा बाई फोन. लंगडी हाय म्हनून सांगा. लपवू नगा काय."

आबा काठी टेकत निघून गेले. जाताना म्हणाले, "गाव तुला माफ करनार न्हाई."

डॉक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. हातमोजे, मुखपट्टी, डोळ्यांवर चष्मा. नेहमीसारखे बोलत नव्हते, ते बघून मला जास्त भीती वाटली. फाटकाबाहेर पाच-सात म्हातारीकोतारी माणसं जमली होती, आबा सगळ्यात पुढे.

डॉक्टरांनी आधी कळप पाहिला. प्रत्येक कोंबडीचा तुरा, चोच, श्वास. मग डालगं उचललं. लंगडीला उलटी धरून पोट दाबलं, मान फिरवली, चोच उघडून आत पाहिलं. मग पाय हातात घेतला. पायाला चिखल आणि भुसा चिकटून वाळला होता. पंजा सुजून काळपट झालेला. त्यांनी पाणी मागितलं, पाय धुतला आणि ते थांबले. पायाच्या खवल्यांच्या मधोमध एक बारीक खाच होती. त्यांनी ती बोटाने उघडली. आतून हिरवा धागा दिसला.

"केसरबाई, इकडे या. हा काय?"

काकू जवळ गेल्या. बघितलं.

धागा बांधला तेव्हा तलंग लहान होती. पुढे वाढली, पाय जाड झाला, धागा तेवढाच राहिला. कापडाची चिंधी असती तर ओली होऊन सैल झाली असती, कुजून तुटली असती. नायलॉनला कुजणं माहीत नाही. तो मांसात रुतत गेला.

"रोग न्हाई?" फाटकातून आबा ओरडले.

"नाही. हिला काहीही रोग नाही," डॉक्टर म्हणाले.

बाहेर सगळे एकदम बोलायला लागले. आबा हसायला लागले, पारावर चहा सांगतो म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कोंबड्या न आवडणाऱ्या माझ्या! फक्त काकू तशाच उभ्या होत्या, स्वतःच्या हातांकडे बघत.

"म्याच बांधला," त्या म्हणाल्या. "ह्या हातानं."

डॉक्टरांनी मुखपट्टी खाली घेतली. "कापड नको हे मी सांगितलं. धागा सैल ठेवा, वाढत्या कोंबडीचा अधूनमधून बदला, हे सांगायचं माझं राहिलं. चूक माझीपण आहे."

"बांधला कुनी, डॉक्टर?"

डॉक्टरांनी बारीक कात्रीने धागा कापून काढला, लाल औषधाने जखम धुतली, मलम लावलं. दोन बोटं वाचणार नाहीत म्हणाले. हिला उंचावर चढू देऊ नका, बाकीच्यांत सोडू नका, जखम दिसली की त्या टोचून मारतील. मग त्यांनी कळपातल्या दुसऱ्या तलंगा पाहिल्या. आणखी काहींचे धागे रुतायला लागले होते.

"सगळ्यांचे काढावे लागतील," ते म्हणाले. "आत्ताच. जुन्या कोंबड्यांचेपण."

काकूंनी मान वर केली. मला त्याचा अर्थ कळायला जरा वेळ लागला. सगळे धागे कापले, तर कोणती कोंबडी कुणाची हे सांगणारं काहीच उरत नव्हतं. उन्हाळ्यात बायका येतील तेव्हा काकूंचा नुसता शब्द, आणि तो शब्द एकदा खोटा ठरवला गेला होता.

"कापा," त्या म्हणाल्या.

त्या दुपारी मी पहिल्यांदा कोंबड्या धरल्या. काकू एकेकीला कुशीत घ्यायच्या, डॉक्टर धागा कापायचे आणि मी ती पलीकडे सोडायची. काकू प्रत्येकीच्या तोंडाकडे नीट बघून तिच्या मालकिणीचं नाव मोठ्याने घ्यायच्या. "गंगूबाईची मोडकी चोच. सखूची, पाठीवर पिवळं हाय ती." जणू पाठ करत होत्या. काही अगदी एकसारख्या होत्या, त्यांच्यापाशी त्या अडखळायच्या, पुन्हा बघायच्या.

पलीकडच्या गावाच्या नमुन्यांचा निकाल आला. बर्ड फ्लू नव्हता, मानमोडीच होती. पण मानमोडी काही कमी नाही, ती ओढा ओलांडून येणारच होती. डॉक्टर बर्फाच्या डब्यात लस घेऊन आले आणि लंगडी सोडून सगळ्यांना टोचली. जखमी, अशक्त कोंबडीला आता नको, ती बरी झाल्यावर, म्हणाले. पुढचे दिवस फार वाईट गेले. लस लागू पडायला वेळ लागतो आणि रोग थांबत नाही. एका सकाळी एक काळी कोंबडी मान पिळून पडलेली दिसली. मग आणखी दोन-तीन. काकूंनी त्या खोल पुरल्या, वर चुना टाकला, आणि दर वेळी हात धुऊन भिंतीशी यायच्या.

"लावा फोन. तिला सांगायचं, तुपली काळी गेली. मेली त्याच दिवशी सांगायचं, मागनं न्हाई."

मी फोन लावायची, स्पीकर चालू करून भिंतीवर ठेवायची. उसाच्या फडातून आवाज यायचे, कोयत्यांचे, पोरांचे. काकू दोन वाक्यांत सांगून गप्प व्हायच्या. सुमनला मात्र त्यांनी फोन लावू दिला नाही.

"तिला तोंडावर सांगनार."

"सांगायचं काय त्यात? पाय रोगाने गेला म्हणा," मी म्हटलं. "आबापण तेच म्हणतायत. नाहीतर तुमची स्वतःची एखादी चांगली तलंग द्या तिला. तिला काय कळणार?"

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी भिंतीवरून खाली उतरले.

रोग आला तसा गेला. बराचसा कळप वाचला. लंगडीची दोन बोटं वाळून गळाली, पण ती जगली. एका पायावर उडी, दुसरा नुसता टेकवायचा, अशी तिची चाल. तिच्यासाठी काकूंनी जमिनीलगत वेगळं खोपटं केलं आणि भाकरीचा चुरा तिला हातातून द्यायच्या. तिच्याशी मात्र कधी प्रेमाने बोलताना मी त्यांना ऐकलं नाही. तिला बघितलं की त्यांचा चेहरा आवळायचा.

पाडव्याच्या सुमाराला कोयत्यावरचे ट्रॅक्टर परतले. उन्हाने करपलेल्या, हाताला घट्टे पडलेल्या बायका काकूंच्या अंगणात जमल्या. पायात धागा नसलेल्या कोंबड्या बघून त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. काकू मधोमध उभ्या राहिल्या आणि एकेक कोंबडी धरून नावाने देत गेल्या. त्यांचा आवाज स्थिर होता, पण पदराचं टोक मुठीत घट्ट आवळलेलं मला दिसत होतं. गंगूबाईने घेतली. सखूने उलटसुलट करून बघितली, मग घेतली. एकीने जरा कुरकुर केली, तिला दुसरीने गप्प केलं.

शेवटी सुमन. तिच्या सगळ्या कोंबड्या दिल्यावर काकूंनी खोपट्यातून लंगडी आणली.

"ही मपली न्हाई," सुमन म्हणाली. "मपली तलंग चांगली धडधाकट होती."

"हीच तुपली."

"मंग पायाला काय झालं?"

आबा फाटकात उभे होते, ते काहीतरी बोलणार होते. काकूंनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"म्या धागा आवळून बांधला. ती वाढली, त्यो रुतला. रोग न्हाई, शेळी न्हाई. म्या लंगडी केली. बदल्यात मपली कोन्ती बी घे. पन ही तुपली हाय, हे ऐकून घे."

सुमनने लंगडीला घेतलं, बाकीच्यांबरोबर पाटीत घातलं आणि ती निघून गेली. बदल्यात काही घेतलं नाही. त्या उन्हाळ्यात ती काकूंच्या फाटकावरून येता-जाता मान खाली घालून जायची. पावसाळ्यात आबांनी आपल्या अंगणात नवं खुराडं बांधायला घेतलं. आमच्या कोंबड्या आता आम्हीच सांभाळू, असं ते पारावर बोलले. ते काकूंच्या कानावर आलंच. त्या मला म्हणाल्या, "बरं झालं. घरचं मानूस हाय, नीट बघंल." आणि दिवसभर जेवल्या नाहीत.

दिवाळी झाली. माझ्या बदलीचा आदेश आला होता. ट्रॅक्टर निघायच्या सकाळी मी सामान बांधून दारात उभी होते. बायका कोंबड्या आणून सोडत होत्या, काकू डॉक्टरांनी दिलेल्या प्लास्टिकच्या सैल कड्या पायांत घालत होत्या. एकेक बाई येऊन गेली. ट्रॅक्टर चालू झाला, मुकादम हाका मारायला लागला. काकू वर बघत नव्हत्या, पण उरलेल्या कड्या हातात तशाच धरून बसल्या होत्या.

सुमन पळत आली. डोक्यावर पाटी, मागे ओरडत येणारे आबा. "आगं म्या सांभाळतो म्हनलं ना!" तिने पाटी अंगणात टेकवली, वरचं फडकं काढलं. सगळ्यात वर लंगडी होती, अंगाने भरलेली, लाल तुरा आलेली. सुमनने तिला उचलून काकूंच्या हातात दिलं.

"हिला कडी घालू नगा, काकू," ती धापा टाकत म्हणाली. "ही कुठंबी वळखू येती."

आणि ती ट्रॅक्टरकडे पळाली.

काकू तिच्या मागे रस्त्यापर्यंत आल्या. ट्रॅक्टर हलला, धूळ उडाली. त्या उघड्या तोंडाने, डोळ्यांना पदरही न लावता रडत होत्या, भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, आणि ती कोंबडी त्यांनी छातीशी धरली होती. मी त्यांना हाक मारली नाही.

माझी गाडी थोड्या वेळाने आली. त्यानंतर मी त्यांना पाहिलेलं नाही.